दहा पौंडांत मुंबई देणारा राजा

आठवीच्या इतिहासात एक वाक्य यायचं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नात मुंबई बेट आंदण मिळालं आणि त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. एवढं सांगून मी सुरतेच्या वखारीकडे वळायचे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, इतक्या स्वस्तात का दिली?" मी म्हणाले, "त्याला मुंबईची किंमत कळली नाही." ती खाली बसली, तास संपला.

हे उत्तर चूक होतं. ते मला कळलं निवृत्तीनंतर, लेकीकडे लंडनला गेले असताना, आणि तेही फार उशिरा. आज ती मुलगी चाळिशीला आली असेल. तिला सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर बँक्वेटिंग हाउस नावाची इमारत आहे. इनिगो जोन्सने 1622 साली ती पूर्ण केली. भोवतीचा सगळा राजवाडा 1698 च्या आगीत जळाला आणि हे एक दालन मागे उरलं. आत एकच प्रचंड खोली, आणि वर छतभर रुबेन्सची चित्रं. मधल्या मोठ्या अंडाकृती चित्रात चार्ल्सचा आजोबा, पहिला जेम्स, देवदूतांच्या आधाराने स्वर्गात चालला आहे. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी, त्याला जाब विचारणारं पृथ्वीवर कोणी नाही, हे त्या घराण्याचं म्हणणं तिथे रंगात मांडलेलं आहे. ती चित्रं लावून घेतली जेम्सच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने. आणि 30 जानेवारी 1649 ला त्याच पहिल्या चार्ल्सला याच छताखालून चालवत नेलं, बाहेर बांधलेल्या मचाणावर उभं केलं आणि गर्दीसमोर त्याचं डोकं उडवलं. पार्लमेंटच्या सैन्याने आपल्याच राजावर खटला चालवला होता.

मान वर करून चित्र बघताना माझी मान दुखायला लागली म्हणून मी भिंतीशी बसले. तेव्हा तिथल्या फलकावर वाचलं की त्याचा मुलगा, आपला मुंबईवाला चार्ल्स, 29 मे 1660 ला लंडनमध्ये परत आला तेव्हा पार्लमेंटच्या दोन्ही सभांनी त्याचं स्वागत याच खोलीत केलं. त्याच दिवशी त्याला तीस वर्षं पूर्ण झाली होती. बाप जिथून मृत्यूकडे गेला तिथे उभं राहून त्याने लोकांची भाषणं ऐकली. ऐकताना त्याची नजर खिडकीकडे गेली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मधली अकरा वर्षं त्याने कशी काढली होती ते थोडं सांगते. 1651 च्या सप्टेंबरात वुस्टरच्या लढाईत पार्लमेंटच्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेल याने त्याचा धुव्वा उडवला. एकवीस वर्षांचा राजा केस कापून, चेहऱ्याला काजळी फासून, पायात न मावणारे जोडे घालून सहा आठवडे इंग्लंडभर लपत फिरला. एक अख्खा दिवस तो बॉस्कोबेलच्या एका ओकच्या झाडात बसून होता आणि खाली सैनिक त्याला शोधत होते. मोसली हॉलमध्ये त्याला लपवणाऱ्यांत जॉन हडलस्टन नावाचा कॅथलिक पाद्री होता. हे नाव पुढे परत येणार आहे. शेवटी एका कोळशाच्या बोटीतून तो फ्रान्सला पोचला आणि मग पॅरिस, कलोन, ब्रुज, ब्रसेल्स अशी वर्षानुवर्षं उधारीवरची भटकंती. जेवणाचेही पैसे थकलेले. ज्याने त्याने त्याला वचनं दिली आणि गरज संपली की दार लावून घेतलं.

हे मनात ठेवलं की पुढचा माणूस समजतो. कोणावर पूर्ण विश्वास टाकायचा नाही, सगळ्यांशी गोड बोलायचं, आणि परत कधी या वाटेला लागायचं नाही.

तो परत आला तो लढाई जिंकून नाही. क्रॉमवेल 1658 मध्ये वारला, त्याच्या मुलाला कारभार झेपला नाही, सैन्याचे सेनापती आपसांत भांडू लागले. तेव्हा स्कॉटलंडमधून जनरल मंक आपली फौज घेऊन लंडनला आला आणि त्याने नव्या पार्लमेंटची वाट मोकळी केली. चार्ल्सने हॉलंडमधल्या ब्रेडा गावातून एक जाहीरनामा धाडला. त्यात चार गोष्टी होत्या: बहुतेकांना माफी, धर्माच्या बाबतीत सदसद्विवेकाला मोकळीक, जमिनींच्या तंट्यांचा निवाडा आणि सैनिकांचा थकलेला पगार. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, तपशील पार्लमेंट ठरवेल. हे फार शहाणपणाचं पत्र होतं. पण त्यातच पुढच्या पंचवीस वर्षांची अडचण पेरलेली होती, कारण राजाने दिलेला शब्द पाळायचा की नाही हे दुसरं कोणीतरी ठरवणार होतं.

कागदावर त्याला खूप काही परत मिळालं. बापाचा वध झाला त्या दिवसापासूनच तो राजा होता असं मानलं गेलं, म्हणून 1660 हे त्याच्या राज्याचं बारावं वर्ष म्हणून लिहिलं जाऊ लागलं. लष्कराचा ताबा त्याचा. मंत्री निवडायचे त्याने. पार्लमेंट बोलवायची कधी आणि बरखास्त करायची कधी, तेही त्यानेच. जुना मुकुट आणि राजदंड 1649 साली वितळवून टाकले होते, ते लंडनच्या रॉबर्ट व्हायनर नावाच्या सराफाने नव्याने घडवले. 1661 च्या एप्रिलमध्ये मोठ्या थाटात राज्याभिषेक झाला.

मिळाला नाही तो पैसा. पार्लमेंटने हिशोब केला की राजाला कारभार चालवायला वर्षाला 12 लाख पौंड लागतील आणि तेवढे देणारे कर मंजूर केले. प्रत्यक्षात पहिली कित्येक वर्षं तेवढा वसूलच झाला नाही. 1662 साली चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग अशी पट्टी बसवली, तीही पुरेना. डोक्यावर बापाचं कर्ज होतं, आरमाराचं कर्ज होतं. शिवाय दरबार खर्चीक आणि राजाचा स्वतःचा हातही सैल, ते लपवण्यात अर्थ नाही. जास्त पैसे हवे असले की पार्लमेंटकडे जायचं, आणि पार्लमेंट विचारणार, बदल्यात काय?

मुंबई या हिशोबात येते. 1661 च्या तहाने ब्रागांझाच्या कॅथरीनबरोबर रोख रक्कम, आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट असं आंदण ठरलं. बेट ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे माणसं घेऊन 1662 साली आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत खोट काढली आणि ताबा दिला नाही. शिपमनची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली. आज ते बेट गोव्याच्या हद्दीत आहे. पावसात, तापात, अन्नावाचून ती तिथे मरत गेली. शिपमनही तिथेच गेला. 1665 च्या फेब्रुवारीत हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा शंभर-सव्वाशेच माणसं उरली होती. एका आंदणाच्या कागदासाठी ती मेली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना अर्धं वाक्यही नाही.

मग मुंबईच्या तटबंदीचा, शिबंदीचा, गलबतांचा खर्च राजाच्या तिजोरीवर पडू लागला. उत्पन्न त्या मानाने थोडं. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने बेट कंपनीला दिलं. भाडं वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर 30 सप्टेंबरला. सनदेत मुंबई कायद्याने पूर्व ग्रीनिचच्या जहागिरीचा भाग धरली आहे, म्हणजे माहीम-वरळीची भातखाचरं लंडनजवळच्या एका मौज्यात मोडली. त्याला किंमत कळली नाही असं मी वर्गात म्हणाले होते. त्याला किंमत चांगली कळली होती. ठेवायला किती लागतं ते त्याला रोज मोजावं लागत होतं.

असंच त्याने 1662 मध्ये डंकर्क फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकलं होतं. क्रॉमवेलने जिंकलेलं ते बंदर विकलं म्हणून लंडनचे लोक चिडले. मला हळूहळू दिसत गेलं ते असं, की हा माणूस विकता येण्यासारखं सगळं विकत होता, म्हणजे जे विकायचंच नाही ते हातात राहावं. आणि विकायचं नाही ते काय, हे त्याने बरीच वर्षं कोणाला सांगितलंच नाही.

गंडमाळांची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. राजाने हात लावला की गळ्याच्या गाठी बऱ्या होतात असा इंग्लंडात जुना समज होता. चार्ल्सने परत आल्याबरोबर हा विधी सुरू केला, याच बँक्वेटिंग हाउसमध्ये. रोगी एकेक करून पुढे यायचे, गुडघे टेकायचे, राजा दोन्ही हातांनी त्यांचे गाल चोळायचा आणि गळ्यात फितीने एक सोन्याचं नाणं घालायचा. त्याच्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक लोकांना त्याने स्पर्श केला अशी नोंद आहे. रॉयल सोसायटीला सनद देणारा, रसायनांच्या प्रयोगशाळेत रमणारा हा राजा. त्याचा स्वतःचा यावर विश्वास होता का, कोण जाणे. पण पार्लमेंटला ना मंजूर करता येत होती ना नाकारता येत होती अशी सत्ता त्याच्याकडे ही एकच होती, आणि ती त्याने तासन्‌तास बसून, सुजलेल्या गळ्यांवरून हात फिरवत सांभाळली.

1667 च्या जूनमध्ये त्याची सगळ्यात मोठी नाचक्की झाली. डचांशी युद्ध चालू होतं, पैसे संपले म्हणून मोठी जहाजं मेडवे नदीत नांगरून ठेवली होती आणि खलाशांचे पगार थकले होते. डच आरमार नदीत शिरलं, जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे प्रमुख जहाज ओढून घेऊन गेलं. हे जहाज मुळात क्रॉमवेलच्या काळातलं. त्याचं नाव होतं 'नेझबी', चार्ल्सचा बाप जिथे हरला त्या लढाईवरून. 1660 मध्ये राजाला हॉलंडहून आणायला हेच जहाज गेलं आणि वाटेत नाव बदललं. त्याच्या मागच्या बाजूची कोरीव राजचिन्हं आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत.

दोष कोणाच्या तरी माथी मारायला हवा होता. तो राजाचा म्हातारा मंत्री क्लॅरेंडन याच्या माथी गेला. वनवासात ज्याने साथ दिली, ब्रेडाचं पत्र ज्याच्या हातून उतरलं, ज्याची मुलगी राजाच्या भावाची बायको होती, त्याला चार्ल्सने काढून टाकलं. क्लॅरेंडन फ्रान्सला पळाला आणि तिथेच रूआंला वारला. चार्ल्सने त्याला परत बोलावलं नाही.

यानंतर चार्ल्सने असा सौदा केला जो कळला असता तर सिंहासन गेलं असतं. 1670 च्या मे महिन्यात त्याची लाडकी बहीण हेन्रिएटा फ्रान्सहून डोव्हरला भावाला भेटायला आली. भेटीच्या आड गुप्त तह झाला. प्रोटेस्टंट इंग्लंडच्या या राजाने आपण कॅथलिक असल्याचं योग्य वेळी जाहीर करायचं, त्यासाठी लुईने वीस लाख लिव्हर, म्हणजे फ्रेंच नाणी, द्यायची. लुईशी मिळून डचांविरुद्ध युद्ध करायचं, त्यासाठी दरसाल तीस लाख. बंड झालं तर सहा हजार फ्रेंच सैनिक. हे फक्त दोन-चार जणांना ठाऊक होतं. बाकीच्या मंत्र्यांची समजूत पटावी म्हणून धर्माचं कलम गाळून दुसरा खोटा तह त्यांच्याकडून सही करून घेतला. बहीण परत गेली आणि काही आठवड्यांत, सव्वीस वर्षांची, वारली. त्या बातमीने तो कोसळला होता.

पैसे तरीही पुरले नाहीत. 1672 च्या जानेवारीत सरकारी तिजोरीने सराफांची देणी थांबवली. ज्यांनी राजाला कर्ज दिलं होतं त्यांच्याकडे लंडनच्या साध्या माणसांच्या, विधवांच्या ठेवी होत्या. रॉबर्ट व्हायनर आठवतो? मुकुट घडवणारा? त्याचे चार लाख पौंडांहून अधिक अडकले आणि शेवटी त्याचं दिवाळं निघालं. त्याच वसंतात चार्ल्सने स्वतःच्या अधिकारात धर्मस्वातंत्र्याचा फतवा काढला. कॅथलिकांना आणि इंग्लंडच्या सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना शिक्षा करणारे कायदे स्थगित. मला इथे त्याची बाजू घ्यावीशी वाटते. ब्रेडाला दिलेला शब्द तो पाळत होता. पण पार्लमेंटचा प्रश्न वेगळा होता आणि तोही खरा होता: पार्लमेंटने केलेला कायदा राजा एका सहीने बाजूला ठेवू शकला, तर कायद्याला अर्थ काय उरला? पुढच्या वर्षी पैशांसाठी त्याला फतवा मागे घ्यावा लागला. वर कॅथलिकांना सरकारी नोकरीतून बाहेर काढणारा कायदाही मान्य करावा लागला. भाऊ जेम्सने आरमाराचं पद सोडलं आणि गादीचा वारस कॅथलिक आहे हे उभ्या देशाला कळलं.

चार्ल्सला अनौरस मुलं बरीच, राणीपासून एकही नाही. त्यामुळे जेम्स हाच पुढचा राजा.

1678 साली टायटस ओट्स नावाचा माणूस पुढे आला. राजाचा खून करून जेम्सला गादीवर बसवायचा जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांचा कट आहे असं तो शपथेवर सांगू लागला. चार्ल्सने मंत्रिमंडळासमोर त्याची स्वतः उलटतपासणी घेतली. स्पेनचा डॉन जॉन कसा दिसतो असं विचारलं. ओट्स म्हणाला, उंच आणि सावळा. चार्ल्स त्याला भेटला होता. तो बुटका आणि गोरा. राजाला त्याच क्षणी कळलं की हा खोटारडा आहे. मग ज्याच्यासमोर ओट्सने जबानी दिली होती तो न्यायाधीश गॉडफ्री मेलेला सापडला आणि लंडन भीतीने वेडं झालं. निरपराध पाद्र्यांवर खटले भरले. फाशी झाली की आतडी काढून देहाचे तुकडे करायचे, अशा शिक्षा होत्या. आणि चार्ल्सने त्या होऊ दिल्या.

मी या माणसावर इतकं वाचलं, इतका जीव लावला, आणि इथे येऊन दर वेळी थांबते. ओट्सने राणीवर आरोप केला तेव्हा चार्ल्स तिच्यामागे ठाम उभा राहिला. हडलस्टनसारख्या, वुस्टरनंतर आपल्याला वाचवणाऱ्यांना त्याने सूट मिळू दिली. म्हणजे अडवायचं ठरवलं तर त्याला अडवता येत होतं. पण बाकीच्यांसाठी अडवलं असतं तर आपणच कॅथलिक म्हणून ओळखले जाऊ, डोव्हरचा कागद बाहेर येईल, बापासारखं मचाण उभं राहील. आयर्लंडमधल्या आर्माघचा कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट याला 1 जुलै 1681 ला लंडनच्या फाशीच्या जागी, टायबर्नवर, मारलं. तोपर्यंत तर चार्ल्स जिंकला होता. तरीही त्याने हात उचलला नाही. हे मला माफ करता येत नाही.

तो जिंकला कसा, ते पाहा. राजाचा विरोधक शॅफ्ट्सबरी आणि त्याच्या पक्षाने जेम्सला वारसाहक्कातून वगळण्याचा कायदा मागितला. व्हिग आणि टोरी ही पक्षांची नावं त्याच भांडणातली. आणि इथे, अठरा वर्षं सगळं विकत आलेला राजा अचानक विकायला नकार देतो. जेम्सवर मर्यादा घाला, मी मान्य करतो. पण गादी कोणाची हे पार्लमेंट ठरवणार नाही. आपला अनौरस मुलगा मनमथ, ज्याच्यावर त्याचा जीव होता, त्याला लोक पुढे करत होते. चार्ल्सने छापून जाहीर केलं की मनमथच्या आईशी आपलं लग्न कधीच झालं नव्हतं. पोटच्या मुलाला त्याने असं दूर केलं. 15 नोव्हेंबर 1680 ला लॉर्ड्स सभेत तासन्‌तास चर्चा झाली आणि तो तिथे हजर राहून प्रत्येकाचा चेहरा बघत होता. विधेयक 63 विरुद्ध 30 मतांनी पडलं.

1681 च्या मार्चमध्ये त्याने पार्लमेंट लंडनच्या गर्दीपासून दूर ऑक्सफर्डला बोलावली. कॉमन्स सभा परत तेच मागू लागली. त्यांना ठाऊक नव्हतं की राजाने लुईशी पुन्हा तोंडी व्यवहार केला आहे, दरसालच्या पैशांचा, आणि त्याला त्यांची गरज उरलेली नाही. आठवड्याभरात, 28 तारखेला, तो नेहमीच्या कपड्यांत लॉर्ड्स सभेत आला. राजवस्त्रं झाकलेल्या पालखीतून गुपचूप आणवली होती, कारण ती चढवल्याशिवाय पार्लमेंट बरखास्त करता येत नव्हती. त्याने ती अंगावर घातली, कॉमन्सना बोलावलं, दोन वाक्यांत सगळ्यांना घरी पाठवलं आणि निघाला. त्यानंतर त्याने पार्लमेंट भरवलीच नाही.

तीन वर्षांतून एकदा भरवायचा कायदा त्याच्याच राज्यात झालेला होता. तो 1684 मध्ये मोडला. न भरवल्यास काय करायचं हे त्यात लिहिलंच नव्हतं. व्यापार वाढला होता, जकातीचा पैसा येत होता, फ्रान्सचाही येत होता. लंडन शहराची सनद त्याने न्यायालयामार्फत काढून घेतली. कटाच्या आरोपावरून रसेल आणि सिडनी या विरोधकांचे शिरच्छेद झाले. बापाला जी सत्ता टिकवता आली नाही ती या मुलाच्या हातात अखेर आली होती, आणि तिच्यासाठी त्याला जेमतेम चार वर्षं मिळाली.

1685 च्या फेब्रुवारीत त्याला झटका आला. वैद्यांनी रक्त काढून, डाग देऊन त्याचे चार दिवस हाल केले. पाचव्या तारखेला संध्याकाळी जेम्सने खोली रिकामी केली आणि मागच्या जिन्याने एका म्हाताऱ्या पाद्र्याला वेष बदलून आत आणलं. तो हडलस्टन होता. चौतीस वर्षांपूर्वी देह वाचवला त्याच माणसाच्या हातून चार्ल्स कॅथलिक झाला. लुईने ज्यासाठी वीस लाख मोजायची तयारी दाखवली होती ते त्याने शेवटी बंद दाराआड, कोणाकडून काही न घेता केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

जेम्स विनातक्रार राजा झाला. चार्ल्सने त्याच्यासाठी राखलेली सत्ता त्याला चार वर्षंही ठेवता आली नाही. भावासारखं थांबणं त्याला माहीत नव्हतं. 1688 च्या डिसेंबरात तो फ्रान्सला पळाला.

13 फेब्रुवारी 1689 ला बँक्वेटिंग हाउसमध्ये पुन्हा गर्दी जमली. जेम्सची मुलगी मेरी आणि जावई विल्यम खुर्च्यांवर बसले आणि पार्लमेंटच्या कारकुनाने त्यांना एक कागद वाचून दाखवला. पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने कायदा स्थगित करायचा नाही. कर घ्यायचा नाही. शांततेच्या काळात खडं सैन्य ठेवायचं नाही. वाचून झाल्यावर मुकुट देऊ केला, आणि त्या दोघांनी तो घेतला. वर छतात पहिला जेम्स देवदूतांच्या हातांवर तसाच तरंगत होता.